मुंबईत होम इन्स्पेक्टर व्हायचं तर: शिक्षण, सराव आणि स्वतःला घालून घ्यायच्या मर्यादा

होम इन्स्पेक्टर म्हणून काम सुरू करायला मुंबईत आज कुठलाही सरकारी परवाना लागत नाही. महापालिका तो देत नाही, महारेरा (राज्याचं स्थावर संपदा नियामक प्राधिकरण) देत नाही, राज्याचं कुठलं मंडळही देत नाही. उद्या सकाळी कुणीही ओल मोजायचं मीटर मागवून, व्हिजिटिंग कार्ड छापून कामाला लागू शकतो. नव्या माणसाला हे सोयीचं वाटतं. मला ते काळजीचं वाटतं, कारण समोरचं कुटुंब वीस-वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेऊन घर घेत असतं आणि सही करायची की थांबायचं हे तुमच्या अहवालातल्या चार ओळींवर ठरवत असतं. परवाना नसल्यामुळे पात्रतेची अट आपली आपणच घालून घ्यावी लागते, आणि ती कडक असावी.

पहिली पायरी: आपलं काम कोणतं, ते ओळखा

लोक तीन वेगळी कामं एकाच नावाने ओळखतात. नवे इन्स्पेक्टरही हा घोळ करतात, आणि सगळ्यात मोठा धोका इथेच आहे.

होम इन्स्पेक्शन म्हणजे काही न फोडता, न उकरता, डोळ्यांनी आणि हलक्या उपकरणांनी केलेली घराची तपासणी. ओल, तडे, फरशी, नळ, ड्रेनेज, वायरिंग, दारं-खिडक्या, बाथरूमचा उतार, मोजमाप, हे सगळं त्यात येतं. शेवटी ग्राहकाला समजेल असा लेखी अहवाल द्यायचा.

स्ट्रक्चरल ऑडिट हे पूर्ण इमारतीचं असतं आणि त्याला कायद्याची चौकट आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३५३ ब नुसार ३० वर्षांवरच्या इमारतींना नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून स्थैर्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा करायला सांगितलं आहे. त्यातून इमारत सी-१, सी-२ए, सी-२बी किंवा सी-३ गटात जाते. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची. मधले दोन गट मोठ्या दुरुस्तीचे. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. दोन ऑडिट अहवाल एकमेकांच्या विरोधात गेले तर प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीपुढे, म्हणजे ‘टॅक’पुढे जातं. एका शेऱ्यावर अख्खी बिल्डिंग बेघर होऊ शकते, इतकं हे काम मोठं आहे. पालिकेचा स्ट्रक्चरल इंजिनिअरचा परवाना असल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही.

तिसरं काम व्हॅल्युएशन, म्हणजे घराची किंमत ठरवणं. त्याची नोंदणी आणि परीक्षा वेगळी आहे. बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेला म्हणजे घर तपासून झालं, असं ग्राहक समजतात. तसं नसतं, आणि ते पहिल्या फोनवरच सांगून टाकावं.

यातून एक नियम निघतो: ‘इमारत सुरक्षित आहे’ हे वाक्य तुमच्या अहवालात कधीही येता कामा नये. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची सिद्धी साई इमारत कोसळून १७ जण दगावले. तळमजल्यावर चाललेल्या नूतनीकरणात खांबांना धक्का लावल्याचा आरोप तेव्हा झाला. अशा इमारतीत वरच्या मजल्यावरचा एखादा फ्लॅट तपासणाऱ्याला चकचकीत रंग आणि सरळ भिंतीच दिसल्या असत्या. म्हणून फ्लॅट बघायला गेलात तरी वॉचमनला, सेक्रेटरींना, शेजारच्या काकूंना विचारा: खाली किंवा वर कुठे तोडफोड चालू आहे का? दोन फ्लॅट एकत्र केलेत का? दुकानदाराने भिंत काढली आहे का? मिळालेलं उत्तर अहवालात लिहा, आणि कुणी सांगितलं तेही लिहा.

दुसरी पायरी: शिक्षणाचा पाया

सिव्हिलचा डिप्लोमा हा या कामासाठी सगळ्यात सरळ रस्ता. दहावीनंतर तीन वर्षं. आयटीआय किंवा बारावी विज्ञान झालेल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे. मुंबईत वांद्र्याचं शासकीय तंत्रनिकेतन आहे. डिग्रीसाठी माटुंग्याचं व्हीजेटीआय, अंधेरीचं सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालय. पुढे कधी स्ट्रक्चरल ऑडिटकडे वळायचं मनात असेल तर डिग्रीच करा, कारण तो परवाना डिग्री आणि डिझाइनच्या अनुभवावर मिळतो.

पण साइटवर पंधरा वर्षं सुपरवायझर म्हणून घालवलेल्या माणसाने पुन्हा कॉलेजात जाऊन बसावं, असं मी म्हणणार नाही. आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन किंवा प्लंबर पुष्कळदा नव्या इंजिनिअरपेक्षा जास्त पाहतो. त्यांनी दोन गोष्टी भरून काढायच्या: नकाशा वाचणं आणि भारतीय मानकं वाचणं. मानक ब्युरोच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की बहुतेक मानकं फुकट उतरवून घेता येतात, त्यामुळे पैशांची सबब नाही.

सुरुवातीला सगळी मानकं वाचायची गरज नाही. आयएस ४५६:२००० हे काँक्रीटचं मानक घ्या आणि त्यातला हवामानाच्या तीव्रतेचा तक्ता पाठ होईपर्यंत वाचा. सौम्य वातावरणात सळईवर किमान २० मिलिमीटर काँक्रीटचं आवरण चालतं, तीव्र वातावरणात ४५ लागतं आणि काँक्रीटही किमान एम३० दर्जाचं लागतं. वरळी, माहीम, वर्सोव्याच्या समुद्राकाठच्या जुन्या इमारतींचे छज्जे आधी का सुटतात, ते हा तक्ता वाचल्यावर समजतं. वायरिंगसाठी आयएस ७३२, अर्थिंगसाठी आयएस ३०४३. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मधला भाग ४ आगीबद्दल आणि भाग ९ नळ-ड्रेनेजबद्दल आहे. ते चाळून ठेवा, काम पडेल तसे उघडा.

परदेशी प्रमाणपत्रांचं काय करायचं

ऑनलाइन शोधलं की अमेरिकन अभ्यासक्रम समोर येतात. तिथे हा व्यवसाय जुना आहे. ‘अ‍ॅशी’ ही इन्स्पेक्टरांची संस्था १९७६ मध्ये सुरू झाली. ‘इंटरनाची’ ही दुसरी मोठी संस्था. परवान्याचं तिथे प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं. न्यूयॉर्कमध्ये १४० तासांचं प्रशिक्षण लागतं, त्यातले ४० तास प्रत्यक्ष घरांमध्ये. अनेक राज्यांत २०० प्रश्नांची, चार तासांची राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. ‘अ‍ॅशी’चं पूर्ण प्रमाणित सदस्यत्व हवं असेल तर २५० तपासण्या केलेल्या असाव्या लागतात.

या संस्थांची कार्यपद्धतीची मानकं आणि आचारसंहिता जरूर वाचा. काय तपासायचं, काय तपासणं आपल्यावर बंधनकारक नाही, न दिसलेलं कसं नोंदवायचं, ही शिस्त तिथून शिकण्यासारखी आहे. बाकीचा बराच अभ्यास लाकडी सांगाड्याची घरं, तळघर, घर गरम ठेवायची भट्टी आणि बर्फ साचणाऱ्या छपरांचा आहे. आपल्याकडे आरसीसी सांगाडा, खोलगट स्लॅबवरचं बाथरूम, गच्चीवरचा कोबा (वॉटरप्रूफिंगचा थर), पाण्याच्या टाक्या, खारी हवा आणि चार महिने पाऊस. ते प्रमाणपत्र असेल तर संस्थेचं नाव देऊन कार्डावर लिहा. ‘लायसन्सधारक’ मात्र लिहू नका. असं लायसन्स इथे अस्तित्वातच नाही, आणि ते लिहिणं म्हणजे ग्राहकाची फसवणूक आहे.

तिसरी पायरी: हाताला सराव, आणि तो पावसाळ्यात

मुंबईतला इन्स्पेक्टर ओलीवर पारखला जातो. तडे, फरशी, वायरिंग हे सगळं शिकायला सोपं आहे. ओल कुठून येते ते सांगणं अवघड आहे, आणि बहुतेक ग्राहकांना नेमकं तेच हवं असतं.

भिंतीवरच्या एकाच डागाची कारणं निदान पाच असू शकतात: बाहेरच्या भिंतीतून शिरणारा पाऊस, वरच्या घराच्या बाथरूममधून झिरपणारं पाणी, भिंतीत दडवलेली फुटकी पाइप, गच्चीचं गेलेलं वॉटरप्रूफिंग, एसीच्या ड्रेनचं पाणी. प्रत्येकाची खूण वेगळी. फक्त जून ते सप्टेंबर दिसणारी आणि नैऋत्येकडच्या भिंतीवरची ओल बहुधा पावसाची. बारा महिने सारखी राहणारी, बाथरूमला लागून असलेली ओल ड्रेनेजची किंवा फरशीच्या सांध्यांची. घरातले सगळे नळ बंद असताना पाण्याचं मीटर फिरत असेल तर आतली पाइप गळतेय. छताच्या मधोमध गोल डाग असेल तर वर काय आहे, ते आधी वर जाऊन पाहा. नहाणी ट्रॅप (फरशीतलं पाणी जाण्याचं तोंड) बंद करून, वरच्या बाथरूममध्ये रंगीत पाणी २४ ते ४८ तास साठवून खाली काही उतरतं का ते बघणं ही जुनी आणि भरवशाची चाचणी आहे. पण वरच्या शेजाऱ्याची लेखी परवानगी घेतल्याशिवाय ती करू नका. हा वाद पुष्कळदा सोसायटीच्या सभेपर्यंत जातो. गच्ची आणि बाहेरच्या भिंतींची गळती साधारणपणे सोसायटीच्या खर्चात येते आणि आतल्या संडास-बाथरूमची सभासदाच्या. म्हणजे तुमच्या निदानावर कुणाचं तरी बिल फाटणार असतं.

मीटरच्या आकड्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. पिनचं मीटर भिंतीतून वीज किती वाहते ते मोजतं, आणि भिंतीत क्षार असतील तर ती कोरडी असूनही आकडा वर जातो. मुंबईत क्षार कुठे नाहीत? थर्मल कॅमेराही पाणी दाखवत नाही, पृष्ठभागाचं तापमान दाखवतो. कॅमेऱ्यात गार पट्टा दिसला तर मीटरने पडताळा, कोरड्या भिंतीवर तेच मीटर लावून फरक बघा, आणि मगच लिहा. रंगीत थर्मल फोटो पाहून ग्राहक प्रभावित होतो. त्याचा गैरफायदा घेणारे आहेत, त्यात तुमची भर नको.

हे पुस्तकातून येत नाही. एक अख्खा पावसाळा एखाद्या चांगल्या वॉटरप्रूफिंग कंत्राटदाराबरोबर काढा, पगार कमी मिळाला तरी. त्याने फोडलेली फरशी आणि उकरलेला गिलावा बघताना वरच्या डागाचा आतल्या कारणाशी संबंध डोळ्यात बसतो. शक्य असेल तर तेच घर मे महिन्यात आणि जुलैत दोनदा बघा. मेमध्ये नुकताच रंग मारलेला फ्लॅट ‘कोरडा’ म्हणून सांगणं सोपं असतं.

त्यानंतर एखाद्या परवानाधारक स्ट्रक्चरल ऑडिटरबरोबर मदतनीस म्हणून जा. तिथे काँक्रीटची मजबुती आणि एकसंधपणा पाहणाऱ्या रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक चाचण्या, आणि सळई गंजतेय का ते सांगणारी हाफ-सेल चाचणी पाहायला मिळेल. काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन टाकल्यावर निरोगी काँक्रीट गुलाबी होतं आणि कार्बोनेशन झालेलं, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे क्षारता गमावलेलं, रंगहीन राहतं, हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघाच. या चाचण्या तुम्ही करायच्या नाहीत. पण सोसायटीचा ऑडिट अहवाल ग्राहकाने पुढे केला तर तो वाचून समजावता आला पाहिजे, आणि कुठल्या खुणा दिसल्यावर आपण थांबून इंजिनिअरकडे पाठवायचं, ते कळलं पाहिजे.

त्या खुणा अशा. बीम आणि वीटकामाच्या सांध्यावरचा आडवा बारीक तडा बहुधा दोन वेगळ्या साहित्यांच्या हालचालीचा असतो. नोंद करा, घाबरवू नका. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला तडा मोजा, रुंदीच्या पट्टीसह फोटो घ्या. खांबावर सळईच्या रेषेत उभा तडा, त्यावर गंजाचा तपकिरी ओघळ, आणि दांड्याने वाजवल्यावर पोकळ आवाज, हे तिन्ही एकत्र दिसले तर तुमचं काम तिथे संपलं. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. अहवालात ‘परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तातडीने तपासून घ्यावे’ असं लिहा, आणि ग्राहकाला तोंडीही सांगा.

गिरगाव, लालबाग, डोंगरीकडच्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) जुन्या इमारतींत, जिथे भार भिंतींवर आणि लाकडी तुळयांवर असतो, नव्या माणसाने एकट्याने काम घेऊ नये. तिथे वाळवी लागलेली तुळई रंगाखाली लपते आणि म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाचा इतिहासही तपासावा लागतो.

विजेच्या बाबतीत सॉकेट टेस्टर लावणं, अर्थिंग आहे का बघणं, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का आणि त्याचं टेस्ट बटण दाबल्यावर तो पडतो का पाहणं, एवढं पुरे. पॅनल उघडायचं नाही. ते परवानाधारक वायरमनचं काम.

नव्या फ्लॅटचा ताबा: इथे कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे

नव्यांनी सुरुवात इथूनच करावी, कारण जोखीम कमी आणि उपयोग थेट. रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला, कामाच्या दर्जातला किंवा सेवांमधला दोष बिल्डरच्या लक्षात आणून दिला तर त्याने तो ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. म्हणून तुमच्या स्नॅग लिस्टमधल्या, म्हणजे दोषांच्या यादीतल्या, प्रत्येक दोषाला तारीख, जागा आणि फोटो हवा. पोकळ वाजणारी फरशी, बाथरूमचा उलटा उतार, न बसणाऱ्या खिडक्या, सगळं.

कार्पेट एरिया लेझरने मोजायला शिका. रेराच्या व्याख्येत आतल्या विभाजक भिंती धरल्या जातात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी टेरेस धरत नाहीत. महाराष्ट्राच्या नमुना करारात तीन टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य धरलेला आहे. तुमचं मोजमाप चुकलं तर ग्राहक उगाच भांडायला जाईल, म्हणून प्रत्येक खोली दोनदा मोजा. ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळाली आहे का, हेही विचारा. ती नसताना ताबा घ्यायला लावतात तेव्हा ग्राहकाला वकिलाकडे पाठवा.

अहवाल कसा लिहायचा

‘बेडरूमच्या भिंतीला ओल आहे’ हे निरीक्षण निरुपयोगी आहे. असं लिहा: ‘मागच्या बेडरूमच्या पश्चिम भिंतीवर, खिडकीच्या डाव्या खालच्या कोपऱ्यापासून साधारण दोन फूट रुंदीत रंगाचे पापुद्रे सुटले आहेत. तपासणीच्या वेळी पाऊस चालू होता. समोरच्या कोरड्या भिंतीच्या तुलनेत मीटरचा आकडा स्पष्टपणे जास्त. संभाव्य कारण: खिडकीच्या चौकटीभोवतीचं सीलंट. पडताळणी: बाहेरून पाणी मारून चाचणी.’ पाहिलेलं, अंदाज आणि पुढचं पाऊल वेगवेगळं दिसलं पाहिजे.

जे बघता आलं नाही तेही तितक्याच ठळकपणे लिहा: फॉल्स सीलिंगच्या वरचा भाग, भिंतीला चिकटवलेल्या कपाटांच्या मागची बाजू, कुलूप लावलेली गच्ची. आणि अहवाल मराठीत द्यायची तयारी ठेवा. पुनर्विकासात नवा फ्लॅट मिळालेल्या आजी-आजोबांना इंग्रजी अहवाल मुलाकडून समजून घ्यावा लागत असेल तर आपण अर्धंच काम केलं.

व्यवसाय उभारताना

कागदपत्रं फार नाहीत. गुमास्त्यासाठी (दुकाने-आस्थापना नोंदणीसाठी) लहान आस्थापनांना ऑनलाइन माहिती कळवून पावती घेणं पुरतं. उद्यम (लघुउद्योगांची) नोंदणी करा, व्यवसाय कराचे वर्षाचे २,५०० रुपये भरा. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी. व्यावसायिक जबाबदारीचा विमा घ्या, कारण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सदोष सेवेची तक्रार तुमच्याविरुद्धही होऊ शकते. प्रत्येक कामाआधी काय तपासणार आणि काय नाही याचा दोन पानी करार सही करून घ्या.

उपकरणांत टॉर्च, वाजवायचा दांडा, लेझर, लेव्हल, सॉकेट टेस्टर, ओलीचं मीटर आणि तड्याची पट्टी यांवर पहिलं वर्ष निघतं. थर्मल कॅमेरा लागेल तेव्हा भाड्याने घ्या.

पैसे फक्त ग्राहकाकडून घ्यायचे. ‘माझी दहा गिऱ्हाइकं तुमच्याकडे पाठवतो, जरा सांभाळून लिहा,’ असं म्हणणारा एजंट लवकरच भेटेल. वॉटरप्रूफिंगवालाही कट देऊ करेल. दोघांनाही नाही म्हणा. अमेरिकन संस्थांच्या आचारसंहितेत इन्स्पेक्टरने स्वतः तपासलेल्या घराची दुरुस्ती वर्षभर करायची नाही असा नियम आहे. मी तर म्हणेन, मुंबईत तो कायमचा पाळा. दोष शोधणाराच दुरुस्तीचं कोटेशन देऊ लागला की त्याच्या निरीक्षणावर कुणी विश्वास का ठेवावा?

पहिल्या वर्षाचा क्रम असा ठेवता येईल. मार्च ते मे या काळात मानकं वाचा आणि नातेवाइकांच्या घरांवर फुकट अहवाल लिहून एखाद्या अनुभवी इंजिनिअरकडून लाल पेनाने तपासून घ्या. जून ते सप्टेंबर वॉटरप्रूफिंगच्या साइटवर. ऑक्टोबरपासून ऑडिटरबरोबर, कारण तेव्हा बाहेरच्या भिंती बघायला परांची चढवता येतात. दसरा-दिवाळीला मुंबईत ताब्यांची गर्दी असते. पहिली पैसे घेऊन केलेली कामं म्हणून तिथल्या एक-दोन खोल्यांच्या फ्लॅटच्या स्नॅग लिस्ट घ्या, आणि दर कामानंतर सहा महिन्यांनी त्या ग्राहकाला फोन करून विचारा की पुढे काय निघालं.